पाहुणे रविवारी येतो म्हणाले

आक्काच्या घरात मोबाइल चौरंगावर बसायचा. काळा, बटणांचा, बॅटरी मेलेला. चार्जरची वायर काढली की त्याचा जीव जायचा, म्हणून बैठकीतल्या प्लगाजवळ विणलेल्या रुमालावर त्याची कायमची स्थापना केलेली. बोलायचं असेल तर माणसानं त्याच्यापाशी जाऊन मांडी घालायची. सकाळी देवाला हळद वाहून झाली की उरलेलं बोट आक्का फोनलाही लावायची, त्यामुळं त्याचं पाचाचं बटण नेहमी पिवळं दिसायचं. जुळे सोलापुरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावर आक्काचं वधूवर सूचक मंडळ चालायचं, आणि मंडळ म्हणजे आक्का, एक कपाटभर फोटो, हा फोन, आणि तो उचलायला मी.

फोन वाजला की मी आधी देवाला हात जोडायची. गावाकडं आमच्या वस्तीवर फोन यायचा तो कुणी मेलं तरच. सांगोल्याच्या पलीकडं, जिथं पावसाचं आणि सरकारचं दोन्हींचं येणं बेभरवशाचं, तिथली मी. दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन अर्धं वर्ष मुलूखभर फिरायचे आणि रानात भाकरी थापायला बाईमाणूस लागतं म्हणून आठवी अर्धी टाकून मीही त्यांच्यामागं फिरले. पुढं आईनं हट्ट धरला आणि गावच्या एका एसटी ड्रायव्हरच्या ओळखीनं मला आक्काकडं पाठवलं. घरकाम, फोन, राहणं, खाणं आणि वर महिन्याला काहीतरी. निघताना दादा म्हणाले होते, ‘‘टिकली तर टिक. न्हायतर आत्याचा दगडू हायच.’’ दगडू वाईट नव्हता. त्याला फक्त दोनच गोष्टी यायच्या, मेंढरं राखणं आणि माझ्याकडं बघणं, आणि दोन्ही तो तोंड उघडं ठेवून करायचा. सोलापूर तसं बसनं तीनचार तासांवर, पण मला ते परदेश होतं. आता हुबळीला राहते, घरात सासूशी कानडी बोलते, तरी इतकं लांब आल्यासारखं कधी वाटलं नाही जितकं त्या पहिल्या महिन्यात जुळे सोलापुरात वाटलं. रोज उठल्यावर पहिला विचार एकच असायचा, आज काय चुकेल आणि मला गाडीत बसवतील.

आणि आक्का तर चुकायला जागाच देत नव्हती, इतकी चांगली. पहिल्या दिवशी तिनं मला आपल्या शेजारी पाटावर बसवून वाढलं. कडक भाकरी चुरून त्यावर आमटी, शेंगाची चटणी, तिच्यात तेलाची विहीर. मी हुलग्याच्या पातळ माडग्यावर वाढलेली पोर, मला वाटलं ही बाई कुणा दुसऱ्याचं ताट चुकून माझ्यापुढं ठेवतेय. जेवण झाल्यावर तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं आणि उवा निघाल्या तर ‘‘अय्यो, गावाकडनं पाव्हणे आणलेस होय गं!’’ एवढंच म्हणाली. घरात तिसरे म्हणजे अण्णा, आक्काचे यजमान. एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, पण नोकरी अंगातून उतरली नव्हती. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि जिन्याकडं कुणी वळलं की आत आवाज द्यायचे, ‘‘दोन सीट, एक हाफ.’’ त्यावर आक्का चहाचं पाणी मोजायची.

फोनचे नियम आक्कानं मला भाकरी थापता थापता शिकवले. स्थळाची चौकशी करणारा माणूस आपलं नाव सांगत नसतो. त्याला नाव विचारायचं नाही, विचारलं की तो बुजतो आणि स्थळ हातचं जातं. कुठून बोलताय म्हणायचं नाही. तो म्हणेल, ‘‘जरा खासगी काम होतं,’’ आपण म्हणायचं, ‘‘बोला की.’’ तो पगार विचारेल, घर स्वतःचं का विचारेल, माणूस घरी कधी भेटतो ते विचारेल. सगळं गोडीनं सांगायचं. आणि सर्वांत वरचा नियम हा की स्थळ मोडायचं नाही. जोडणं देवाच्या हातात असतं, पण मोडायला एक शब्द पुरतो आणि त्याचं पाप फोन उचलणाऱ्याला लागतं. ‘‘मुलगा लंगडा असला तर काय सांगायचं?’’ मी विचारलं. ‘‘सावकाश चालतो म्हणायचं,’’ आक्का म्हणाली. मला हे सगळं पटलं. आमच्याकडंही बाजारात मेंढरू विकताना त्याचे दात कुणी आपण होऊन दाखवत नाही.

त्या वर्षी मंडळात सगळ्यात जुनं स्थळ होतं आक्काच्या बहिणीचा मुलगा, प्रशांतदादा. बहीण वारलेली, त्यामुळं त्याचं लग्न हे आक्कानं स्वतःवर घेतलेलं देणं. माणूस दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा, पण एका धंद्यात टिकेल तर शपथ. अकलूजला डेअरीत होता, ते सोडलं. चादरींच्या दुकानात होता, तेही सोडलं. मग त्यानं वरातीचा रथ घेतला. पांढरा, चांदीचा पत्रा मारलेला, पुढं दोन लाकडी सिंह आणि मागं विजेच्या दिव्यांचा मोर. बटण दाबलं की मोर कुरकुरत पिसारा उघडायचा. ‘‘मावशे, तू लग्नं जमवायची, मी वराती काढायच्या. घरातला पैसा घरात,’’ असा त्याचा हिशोब. रथाला पैसा कुठून आला तर म्हणे वडिलांच्या जमिनीतला वाटा विकला. घोडा भाड्याचा होता आणि एका वरातीत त्यानं मोराला बिथरून नवरदेवासकट रथ थेट मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात नेला होता. तेव्हापासून रथ आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून उभा होता.

अशात त्याला अक्कलकोटचं एक स्थळ आलं. शिकलेली मुलगी, घर चांगलं, फोटो पसंत. वडील म्हणाले, आमची माणसं चौकशी करतील, मग बघायला येऊ. आक्का हरखली आणि घाबरलीही. मला पुढ्यात बसवून म्हणाली, ‘‘संगे, प्रशांतच्या चौकशीचा फोन आला तर तूच घे. मावशीनं भाच्याचं कौतुक केलं तर त्याला कोण विचारतं? तू परकी, तुझ्या शब्दाला वजन.’’ परकी म्हटल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण माझ्या शब्दाला वजन आहे हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते, त्यामुळं राहून गेलं.

दोनच दिवसांत फोन आला.

‘‘प्रशांत कुठंय?’’ पलीकडचा आवाज एकदम दरडावल्यासारखा. मी ओळखलं, हा मुलीचा मामा. मामा असाच बोलतो, आमच्या चुलत बहिणीच्या वेळी मामानं सोयरीक ठरवताना जावयाची कॉलर धरली होती.

‘‘दादा बाहेर गेल्यात. बोला की.’’

‘‘जरा पर्सनल काम आहे.’’

झालं. नियमात बसलं. मी ओढणी सावरली, फोनवर दिसत नाही हे माहीत असून.

‘‘माणूस करतो काय सध्या?’’

‘‘धंदा हाय की स्वतःचा. लई जोरात चाललाय.’’

‘‘जोरात?’’

‘‘व्हय. वरातीचा रथ हाय. सीझनला तर श्वास घ्यायला टाइम न्हाय.’’

‘‘रथ आहे? म्हणजे अजून त्यांच्याकडंच आहे? कुठं आहे?’’

‘‘हितंच, खाली पार्किंगमध्ये. ताडपत्री घालून ठेवलाय, चांदी काळी पडू नये म्हणून.’’

‘‘चालू कंडिशन?’’

‘‘एकदम! मोर पिसारा उघडतोय.’’

मला त्याच्या आवाजात इतका आनंद ऐकू आला की माझी भीड चेपली. घर स्वतःचं का विचारलं, मी म्हटलं व्हय. जमीन? प्रशांतदादा अकलूजला होता एवढं मला माहीत होतं आणि अकलूज म्हणजे ऊस हेही माहीत होतं, तेव्हा मी दोन्ही जोडून म्हटलं, ‘‘हाय की, अकलूजकडं बागायत.’’ त्यानं विचारलं, किती? मी म्हटलं, ‘‘नजर पोचत न्हाय.’’ हे खोटं नव्हतं. अकलूजपर्यंत जुळे सोलापुरातून कुणाची नजर पोचते?

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन आक्काला सांगितलं की अक्कलकोटकरांचा फोन होता, लई चौकशी केली. आक्कानं माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला.

मग रोज फोन यायला लागले. कधी मामा, कधी दुसराच कुणी, एकदा एक बाई. ती मावशी असणार. प्रत्येकाची बोलायची तऱ्हा वेगळी पण सगळ्यांना घाई. एक जण म्हणाला, ‘‘हे बघा, आता आम्ही जास्त थांबणार नाही.’’ मी म्हटलं, ‘‘आमालाबी घाईच हाय.’’ मामा एकदा चांगलाच तापला. म्हणाला, ‘‘प्रशांत फोन उचलत नाही, आता बिल्डिंगमध्ये सगळ्यांना कळवतो. शेजाऱ्यांसमोर विषय काढतो. चालेल?’’

‘‘चालंल की! आनंदाची गोष्ट हाय. शेजारीबी वाटच बघायल्यात.’’

‘‘शेजाऱ्यांना माहिती आहे?’’

‘‘सगळ्यांना. खालच्या काकू तर नवस बोलल्यात.’’

‘‘रथ घेऊन जाऊ आम्ही.’’

‘‘न्या की. त्योच न्यायचा ठरलाय.’’

तो एकदम खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘ताई, प्रत्यक्ष भेटून बोललं तर बरं होईल.’’

‘‘रविवारी या. सगळी घरात असतात.’’

‘‘या? म्हणजे… आम्ही घरी येऊ?’’

‘‘मग काय रस्त्यावर बसणार? किती जण येणार?’’

‘‘दोघं.’’

‘‘दोघंच? बाईमाणूस कुणी न्हाय?’’

‘‘बाईमाणूस कशाला लागतं?’’

‘‘तसं कसं, बाईमाणसाबिगर घरात बसून बोलणं शोभत न्हाय.’’

तो घाईघाईनं म्हणाला, ‘‘बरोबर आहे, बरोबर आहे, तसा नियमच आहे. लेडीज आणतो.’’

आज मी त्याच्या बाजूनं विचार करते तेव्हा त्याचीच दया येते. ज्याला बघून लोक दार लावून घेतात, अंगावर कुत्रं सोडतात, लहान मुलाला ‘पप्पा घरी नाहीत म्हण’ म्हणून पुढं करतात, त्या माणसाला एक मुलगी विचारते की पोह्यात लिंबू चालतं का. होय, तेही मी विचारलं होतं.

रविवारी घर पहाटेपासून वाजत होतं. कुकर, मिक्सर, आक्काच्या बांगड्या. पोह्यांना खोबरं खवलं, शिरा केला, पडदे बदलले. अण्णांना इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसवलं. प्रशांतदादा सकाळीच आला, अंगात उन्हाळ्याच्या दिवसांत काळा ब्लेझर. खुशीत होता, कारण आधी त्याला सारखे येणारे कसले तरी फोन अलीकडं एकदम बंद झाले होते. ‘‘माझे ग्रह पालटले बघ, संगे,’’ असं मला म्हणाला. आक्कानं त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि बोलावल्याशिवाय येऊ नको, आलास की खाली मान घाल, असं बजावलं.

अण्णांचा आवाज आला, ‘‘दोन सीट! एक लेडीज!’’

मामा दारात उभा राहिला आणि मी चाटच पडले. आवाजावरून पैलवान वाटलेला माणूस पाप्याचं पितर होता. पँट-शर्ट, पाठीला बॅग, पायातले बूट काढू की नको अशा विचारात. मागं एक मुलगी, पंजाबी ड्रेस, कपाळावर घाम. आक्कानं तिला नखशिखांत पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘‘फोटोपेक्षा सावळी हाय, पण नाकीडोळी नीटस. मुलीलाच घेऊन आलेत की गं! नवीन रीत.’’

‘‘नमस्कार, मी गायकवाड,’’ मामा म्हणाला.

‘‘बसा, बसा. उन्हातनं आलात. संगे, पाणी.’’

‘‘आम्ही ड्युटीवर काही घेत नाही.’’

‘‘आमच्या घरात घ्यावं लागतं,’’ आक्का म्हणाली आणि पोह्यांची ताटली अशी त्यांच्या मांडीवर ठेवली की धरली नसती तर पँटवर सांडली असती. गायकवाडांनी एक घास खाल्ला, मग मागं वळून बघितलं नाही. बिचाऱ्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नसावं. अण्णा आत येऊन बसले, विचारलं, ‘‘मूळ स्टॉप कुठला?’’

‘‘मोहोळ.’’

‘‘मग अक्कलकोटला कधी चढलात?’’

‘‘अक्कलकोटला? तिकडचं काम दुसऱ्या टीमकडं आहे.’’

अण्णांनी मान डोलावली, जशी ते कुठल्याही उत्तराला डोलवायचे. आक्का इकडं मुलीच्या शेजारी जाऊन बसली होती. शिक्षण विचारलं, बी.कॉम. नोकरी? करते. लग्नानंतर करणार का? मुलगी गोंधळून म्हणाली, ‘‘मॅडम, आमचा विषय जरा वेगळा आहे. मिस्टर प्रशांत आहेत का?’’

‘‘कळतो हो विषय. आहे की, लाजतो तो. प्रशांत!’’

प्रशांतदादा आला. ब्लेझरात, खाली मान घालून, हात जोडून. गायकवाड ताटली घेऊनच उभे राहिले. ‘‘हेच का?’’

‘‘हेच,’’ आक्का कौतुकानं म्हणाली.

‘‘प्रशांतराव, दिवाळीपासून फोन का उचलत नाही तुम्ही?’’

‘‘सांगितलं ना, लाजाळू हाय. लहानपणापासनं.’’

प्रशांतदादानं मान वर केली. माणसाचा चेहरा इतक्या पटकन इतका रिकामा होताना मी त्यानंतर पाहिलेला नाही. ‘‘पाणी आणतो,’’ असं म्हणून तो आत गेला आणि बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला. गायकवाड बाथरूमच्या दारापाशी गेले, हातात पोहे तसेच, आणि दारावर हळूच टकटक करून म्हणाले, ‘‘प्रशांतराव, असं करून चालत नाही. एकदा बसून बोलून घेऊ.’’ आक्का मला म्हणाली, ‘‘मामा समजूतदार हाय हं.’’ मग तिनं त्या मुलीला सुचवलं की दोघांनी गॅलरीत उभं राहून मोकळं बोलावं, अण्णा आत येतील. तेव्हा ती मुलगी पोह्यांची ताटली खाली ठेवून फार मऊपणानं म्हणाली, ‘‘मावशी, आम्ही लग्नासाठी नाही आलो. आम्ही फायनान्सकडून आलोय. रथाचे हप्ते थकलेत.’’

अण्णा म्हणाले, ‘‘म्हणजे भलत्याच गाडीत बसलो आपण.’’

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. ‘‘संगे, तू यांना काय सांगितलंस?’’

माझ्याआधी गायकवाडच बोलले. त्यांना वाटलं माझी तारीफ करायची हीच वेळ. ‘‘कर्जाच्या फॉर्मवर दुसरा नंबर हाच होता, आणि ताईंनी फार सहकार्य केलं. जिल्ह्यात एवढं सहकार्य आम्हाला कुणी केलेलं नाही. रथ कुठं उभा आहे, धंदा जोरात आहे, अकलूजला बागायत आहे, सगळं मोकळेपणानं सांगितलं. पत्ता पण. वेळ पण त्यांनीच दिली.’’

‘‘बागायत?’’ आक्का म्हणाली. ‘‘त्याच्या बापाला अकलूजला कुंडीसुद्धा नव्हती.’’

पुढचं मी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात गेले आणि माझी पिशवी काढली. दोन ड्रेस, फणी, आईनं दिलेली चादर. रडू येत नव्हतं, फक्त डोळ्यापुढं दगडू उभा होता, तोंड उघडं. या घरानं मला पाटावर बसवलं आणि मी त्या घराच्या भाच्याला वसुलीवाल्यांच्या हातात दिलं, वर लिंबू पिळून. बाहेर आक्काचा आवाज येत होता, बारीक, थांबत थांबत. ती बाथरूमच्या दाराशी बोलत होती. ‘‘जमीन विकून घेतला म्हणालास ना रे मला? आणि त्या पोरीच्या बापाला मी काय सांगितलं, एक पैशाचं देणं न्हाय माझ्या भाच्याला. बाहेर ये. मारत न्हाय. बाहेर ये.’’

तो आला. खुर्चीवर बसून घडाघडा सगळं कबूल केलं, ब्लेझर न काढता. गायकवाडांनी सांगितलं की रथ जमा करावा लागेल आणि आजच ऑफिसात येऊन सही केली तर उरलेल्याचं काही तडजोडीनं बघता येईल. आक्का उठली. मला वाटलं आता ती त्यांना हाकलणार. तिनं शिरा वाढला. ‘‘आलेलं माणूस गोड न खाता जात न्हाय,’’ म्हणाली, अगदी कोरड्या आवाजात, आणि हात सवयीनंच चालत असणार कारण वाढता वाढता तिनं गायकवाडांना विचारलं, ‘‘तुमचं झालंय का लग्न?’’

‘‘कुठलं हो. या नोकरीवाल्याला मुलगी कोण देतं? समोरून चौकशीचा फोन आला आणि मी हॅलो म्हटलं की ठेवतातच.’’

‘‘फोटो पाठवून द्या. आणि फोन आईला घ्यायला सांगा,’’ आक्का म्हणाली.

खाली छोटा टेम्पो उभा होता. ताडपत्री निघाली, दोरानं रथ टेम्पोला बांधला. पुढच्या केबिनमध्ये ड्रायव्हर, गायकवाड आणि ती मुलगी बसल्यावर प्रशांतदादाला जागाच उरली नाही, आणि त्याची मोटारसायकल त्याआधीच कुणीतरी नेलेली होती हे तेव्हा कळलं. शेवटी तो रथात बसला. ब्लेझर घालून, दोन सिंहांच्या मागं, लाल गादीवर. दोर ताणला गेला, रथाला हिसका बसला आणि काय झालं कुणास ठाऊक, मोर चालू झाला. भर दुपारी पिसारा उघडत, कुरकुरत, हिरवा-निळा लखलखत रथ बिल्डिंगच्या फाटकातून निघाला आणि पोरं त्याच्या मागं नाचत सुटली. खालच्या काकू धावत आल्या, मूठभर तांदूळ कुठून आणले देव जाणे, ते उधळून ओरडल्या, ‘‘ठरलं का हो एकदाचं?’’ प्रशांतदादानं, संस्कारी माणूस, दोन्ही हात जोडले. गॅलरीतून अण्णांनी सवयीनं दोनदा ‘‘ठण् ठण्’’ केलं, गाडी सुटल्याचं. मला हसू यायला नको होतं. मी पिशवी तोंडाशी धरली.

आक्का हसली नाही. बैठकीत येऊन ती चौरंगासमोरच्या भिंतीला टेकून बसली, उष्ट्या ताटल्यांमध्ये. मी पिशवी घेऊन दाराशी उभी. संध्याकाळची सांगोला गाडी कितीला असते हे अण्णांना विचारावं की नको असा विचार करत होते, कारण विचारलं असतं तर त्यांनी खरंच सांगितलं असतं. तेवढ्यात फोन वाजला.

दोघींनीही त्याच्याकडं पाहिलं. तो वाजून वाजून थांबला. परत वाजला.

‘‘घे,’’ आक्का म्हणाली.

मी मांडी घातली. पिशवी मांडीतच. पलीकडं एक म्हातारा आवाज, मराठी कानडीच्या चालीवरचं, अतिशय अदबशीर. म्हणाले, अक्कलकोटहून बोलतोय, मुलीचा बाप आहे मी, चौकशी दुसऱ्यावर सोपवायला मन घेईना म्हणून स्वतःच केला फोन. मग त्यांनी तेच सगळं विचारलं. धंदा काय, घर स्वतःचं का. त्यांचा आवाज इतका संकोचलेला होता की मला माझे दादा आठवले, कुणाच्या बांधावर मेंढरं बसवायला विचारताना ते असेच बोलायचे. शेवटी म्हणाले, ‘‘आणि एक, राग मानू नका. कर्जबिर्ज काही?’’

मी आक्काकडं पाहिलं. स्थळ मोडायचं नाही, तो सर्वांत वरचा नियम. तिच्या मेलेल्या बहिणीचा तो मुलगा होता. तिनं हो म्हणावं की नाही म्हणावं, निदान मान तरी हलवावी, म्हणून मी बघत राहिले. तिनं काहीच केलं नाही. ती माझ्याकडं बघत होती, मी काय करते ते बघत होती.

‘‘हाय,’’ मी म्हटलं. ‘‘रथाचं कर्ज हाय. हप्ते थकल्यात. आज रथ नेला त्यांनी. घर त्यांचं न्हाय, जमीनबी न्हाय. माणूस वाईट न्हाय, पण पोरगी द्यायची तर हे कळून द्या.’’

पलीकडं मागं कुणीतरी कानडीत काहीतरी विचारत होतं. मग ते म्हणाले, ‘‘असं कुणी सांगत नाही हो. फार उपकार झाले.’’ आणि थोडं थांबून, ‘‘आपण कोण त्यांच्या? घरातल्याच का?’’

याला काय म्हणायचं ते आक्कानं मला कधी शिकवलं नव्हतं. मी फोनवर हात ठेवला आणि तिला विचारलं, ‘‘इचारत्यात, घरातली का म्हणून.’’

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, माझ्या मांडीतली पिशवी ओढून घेतली.

‘‘मग? सांग की व्हय म्हणून. मेलं त्यालाबी इचारायचं व्हय?’’

मी सांगितलं, व्हय. फोन ठेवला तेव्हा ती गॅलरीत होती. माझ्या पिशवीतले दोन्ही ड्रेस आणि आईची चादर झटकून झटकून दोरीवर घालत होती, चिमटे लावत होती. त्यातलं एकही ओलं नव्हतं. अण्णांनी एकदा दोरीकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली.